पाच किलो

हिप्परग्याच्या उतारावर गाडी लावली,
हँडब्रेक अकरा कट् वाजेपर्यंत ओढला.
पद्माक्षीनं आत चहा टाकला
आणि घर निघालं.
पाहुणा न सांगता उठतो तसं,
चार फूट, पाच फूट,
बाभळीला टेकलं तेव्हा थांबलं.
तिनं पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं.
म्हणाली, घराला चाकं तुम्ही लावलीत,
आता ते ऐकणार होय तुमचं?

सव्वीस माग किलोवर विकले, त्यातून आलं हे घर.
पलंग, सिंक, पंखा, खिडकीला आमचाच टॉवेल.

होटगी रोडच्या शोरूममध्ये
गळ्यात पट्टा घातलेला पोरगा गोड बोलला,
काका, चासी आमची, घर आमचं नाही.
घर चढवलं की वजन वाढतं,
वजन वाढलं की केबल ताणते,
ताणलेली केबल वॉरंटीत बसत नाही.
ज्यानं घर चढवलं त्याला कोल्हापूरला फोन केला.
पलंग हलतोय? सिंक गळतंय? कपाटाचं दार?
आत्ता माणूस पाठवतो साहेब.
ब्रेक? ब्रेक कंपनीचा.

म्हणजे घर एकाचं, चाकं एकाची,
थांबणं कुणाचंच नाही.

रात्री गाडीतच वॉरंटीचं पुस्तक काढलं.
पान एकेचाळीस, नेहमीच्या वापरानं झिजणारे भाग :
लायनिंग, रबर, बल्ब, वायपर.
खाली मी मनातल्या मनात लिहिलं,
दोन गुडघे,
उजवा कान, धोट्याच्या आवाजानं गेलेला.
तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर,
जे आधी येईल ते.
पद्माक्षी म्हणाली, दिवा घालवा.

तिला माहिती आहे, मागालाही ब्रेक असतो.
मागच्या बीमला साखळी, साखळीला लोखंडी वजन.
जास्त टांगलं तर ताणा तुटतो,
कमी टांगलं तर चादर झोळीसारखी.
वडील ताण्यावर नुसतं बोट टेकवायचे
आणि म्हणायचे, अर्धा किलो काढ.
त्या बोटाची वॉरंटी कुणी मागितली नाही.
माग गेले तेव्हा एक वजन मागं ठेवलं होतं,
पाच किलोचं, का ते माहीत नाही.
हिप्परग्यापासून ते मागच्या चाकाखाली असतं.

शेवटी अक्कलकोट रोडला लाडलेसाब नदाफकडे.
पूर्वी आमच्या मोटारी भरायचा, आता गाड्या बघतो.
पोतं अंथरून खाली सरकला,
बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
मग पायांच्या बाजूनं आवाज आला,
केबल चांगली हाय बे तुझी!
पाण्याच्या टाकीचा क्लॅम्प हिच्या उरावर मारलाय.
तू वर वढतोस, निम्मं हितंच मरतंय,
चाकाला काय कळतच नाही.

फोटो काढले. कोल्हापूरला धाडले, होटगी रोडलाही.
एकोणीस दिवस फोन.
क्लॅम्प कोल्हापूरनं फुकट हलवला,
"चूक नाही, पण करून देतो" म्हणत.
चेपलेल्या केबलचे निम्मे पैसे कंपनीनं दिले,
पत्रात शब्द होता, सदिच्छा.
मजुरी माझी.
लाडलेसाबनं बघणावळ घेतली नाही,
शेंगाचटणीची पुडी तेवढी ठेवून घेतली.

आता पाचव्या कट्ला धरतं.
परवा परत हिप्परग्याला, त्याच उतारावर,
रात्रभर घर जागचं हललं नाही.
तरी उतरून तिनं चाकाखाली वजन ठेवलंच होतं.
सकाळी निघालो, तुळजापूर दिसायला लागलं
तेव्हा ती म्हणाली, वजन!
मी काही न बोलता गाडी वळवली.

होतं तिथंच.
एक शेळी त्याच्यावर पुढचे दोन पाय देऊन
बाभळीकडे मान ताणत उभी होती.
आम्ही इंजिन बंद केलं,
आणि तिचं खाऊन होईपर्यंत थांबलो.